प्रलय कुणाच्या मुलखातला?

हजरत नूह यांची नौका आमच्या घरी कुराण शरीफमधून आली. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे ती बायबलमधून आली आणि मनू व माशाची गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. तीन घरांत पूर एकच. मग प्रश्न पडतो, हा पूर साऱ्या पृथ्वीवर आला होता की एखाद्या मुलखात?

१८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी निनवेला सापडलेली मातीची पाटी वाचली. तिच्यात पूर, नौका, पाणी ओसरलं का हे पाहायला सोडलेली पाखरं, सारं होतं. पुढं याच कथेच्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या पाट्याही मिळाल्या. म्हणजे ही आठवण तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातली. १९२९ साली लिओनार्ड वूली यांना तिथल्याच ऊर गावी गाळाचा जाड थर लागला आणि नोहाचा पूर सापडल्याची बातमी जगभर गेली. पण वीसेक किलोमीटरवरच्या एरिडूत तसा थर मिळाला नाही.

दूरवर पसरलेल्या आपत्तीची खूण कशी असते, हे आपल्या जिल्ह्यातच पाहता येतं. चाकणवरून नारायणगावकडे गेलं, की पुढं कुकडी नदीकाठी बोरी हे गाव आहे. तिथल्या गाळात सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख आहे. तीन हजारांहून अधिक किलोमीटर उडत आलेली! ती नेमक्या कुठल्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण टोबाची राख भारतातल्या इतर नद्यांच्या खोऱ्यांतही मिळते. साऱ्या पृथ्वीला बुडवणाऱ्या पुराचा असा एकाच काळातला थर जगभर मिळालेला नाही. शिवाय एव्हरेस्ट बुडवायचं, तर आजच्या सर्व महासागरांच्या तिपटीहून अधिक जादा पाणी लागेल.

मग ग्रंथ खोटं सांगतात का? मला तसं वाटत नाही. मी शब्दांत रमणारा माणूस. हिब्रूतला ‘एरेत्स’ आणि अरबीतला ‘अर्द’ हे शब्द पृथ्वीलाही लागतात आणि मुलखालाही. नूह यांना त्यांच्या ‘कौम’कडे पाठवलं, असं कुराण म्हणतं. बायबल मात्र आभाळाखालचे सारे उंच डोंगर बुडाल्याचं सांगतं. पण नौकेतून आभाळ दिसणार तरी किती? नजर पोचेल तेवढंच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि मुठेच्या पाण्यात पुण्याच्या पेठा बुडाल्या. पवनेकाठच्या पिंपरीत तेव्हा पेनिसिलिनचा कारखाना चालू होता. पवना ही वेगळी नदी. ते पाणी पिंपरीपर्यंत आलं नाही. तरीही ज्याचं घर, दुकान, माणसं गेली, तो ‘जग बुडालं’ म्हणाला तर त्याला खोटं कसं म्हणावं? नकाशा काढणारा त्याला एका नदीचा पूर म्हणेल. दोघंही खरं बोलतात, फक्त दोन वेगळ्या गोष्टींविषयी.

पूर एका मुलखातला मानला, म्हणून कथा लहान होत नाही. उलट ती आपल्या दाराशी येते. कुराणाप्रमाणे नूह साडेनऊशे वर्षं आपल्या लोकांत राहिले आणि त्यांना सावध करत राहिले. आज सावध करायला नकाशावर पूररेषा आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. आपल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले. रेषा नकाशावर होती, तरी घरं उभी राहिली. पाडली तेव्हा कुटुंबं उघड्यावर आली. त्यांचं जग तेवढंच होतं.

म्हणून पूर केवढा होता, याचा वाद विद्वानांनी जरूर घालावा. आपण मात्र आपल्या नदीची रेषा कुठून जाते, हे घर घेण्याआधी विचारावं.