अचार, चाबूक, तुरुंग

आमच्या वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटात जकात घेतली जात असे, असे सांगतात. मालाबरोबर शब्दही गेले असणार. त्यांच्यावर जकात कोण घेणार?

शब्दांचे असेच एक मोठे बंदर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले केपटाउन. 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे ठाणे वसवले आणि पुढे बंगाल, मलबार, जावा, मादागास्कर येथून गुलाम आणले. धन्याची डच गुलामांच्या तोंडी पडली, तिच्यात मलायी, पोर्तुगीज शब्द मिसळले आणि आफ्रिकान्स घडत गेली. 'बाये दांकी' म्हणजे 'फार आभारी आहे'. यातला 'दांकी' डच, पण 'बाये' आला मलायी 'बान्याक'वरून. आभार मानताना धनी आणि गुलाम एकाच वाक्यात येतात.

या भाषेतले तीन शब्द तर आपल्या घरचेच. लोणच्याला तिथेही 'अचार'च म्हणतात. जाड चामडी चाबकाला 'शाम्बोक' म्हणतात. तो फारसी 'चाबुक' मलायीमार्गे तिथे पोहोचला. तुरुंगाला म्हणतात 'त्रोंक'. मूळ पोर्तुगीज 'त्रोंको', म्हणजे झाडाचे खोड आणि कैद्याचे पाय अडकवायचा खोडाही. आपला 'तुरुंग' त्याच शब्दाचा भाऊ. एक शब्द ताटातला, एक पाठीवरचा, एक कोठडीतला. गुलामाचे सारे आयुष्य त्यात आले.

पण गुलामांनी या भाषेत केवळ मार खाल्ला नाही, दीनही शिकवला. तिदोरे बेटावरून 1780 मध्ये कैदी म्हणून आणलेल्या तुआन गुरूंनी केपटाउनमध्ये मदरसा सुरू केला. पुढे अशा मदरशांतली मुले अरबी अक्षरांत आफ्रिकान्स लिहू लागली. उस्मानी सुलतानाने पाठवलेले अबू बक्र एफेंदी 1863 मध्ये तिथे पोहोचले. त्यांचा 'बयानुद्दीन' हा ग्रंथ अरबी लिपीतल्या आफ्रिकान्समध्ये असून तो 1877 मध्ये इस्तंबूलला छापला गेला. गोऱ्यांना ही बोली अजून 'स्वयंपाकघरातली' वाटत होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्याच गोऱ्यांनी पुढे तिला आपल्या सत्तेची भाषा केली. 16 जून 1976 रोजी सोवेटोतील शाळकरी मुले तिच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. मुलांचा राग रास्त होता. पण दोष शब्दांचा नव्हता, सक्तीचा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपले कोकणी मुसलमानही पोटासाठी केपटाउनला गेले. त्यांच्या कोकणीतही आफ्रिकान्स शब्द शिरले. मी उर्दू माध्यमात शिकवतो, लिहितो मराठीत. "तुमची खरी भाषा कोणती?" असे कुणी विचारले की मला ती मदरशातली मुले आठवतात. धन्याची भाषा, कुराणाची अक्षरे आणि आईचे शब्द त्यांनी एकाच पाटीवर लिहिले. त्यांना असा प्रश्न कुणी विचारला असता, तर त्यांनी ती पाटीच पुढे केली असती.