झटपट अनुभूती

२० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बॉस्टनच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के या संशोधकाने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन हे भास निर्माण करणारं द्रव्य दिलं, बाकीच्यांना नायसिन हे जीवनसत्त्व. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांना विलक्षण अनुभूती आली. ना उपास, ना जप! मग ती खोटी म्हणायची का?

१९९१ मध्ये रिक डॉब्लिनने त्यांच्यापैकी सात जणांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना ती खरीच वाटत होती. प्रयोगात सामील असलेले धर्म-अभ्यासक ह्यूस्टन स्मिथ मात्र १९६४ मध्येच सावध झाले होते: अशा द्रव्याने धार्मिक अनुभव येईल, धार्मिक आयुष्य घडेलच असं नाही.

मला हे पटतं. अनुभूती सहज आली म्हणून खोटी ठरत नाही. पण तिची किंमत, दुसऱ्या दिवशी आपण घरच्यांशी कसे वागतो, त्यावरून कळते. तुम्हाला काय वाटतं?