वाकळ : एका न लिहिलेल्या श्रमाचा इतिहास

सातारा-सांगलीच्या इतिहासात सुईला जागा मिळालेली नाही. गादी, सनदा, वतने, प्रतिसरकार, सहकारी साखर कारखाने या सर्वांवर लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. पण कृष्णाकाठच्या आणि माणदेशच्या हजारो घरांत बाईने जी वाकळ शिवली, तिच्यावर कुणा इतिहासकाराने चार ओळी खर्च केल्याचे माझ्या वाचनात नाही. हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची हद्द बदलली, कागदपत्रे दोन कचेऱ्यांत गेली. पण दोन्हीकडच्या घरांत वाकळ तीच राहिली आणि दोन्हीकडच्या कागदांत तिची नोंद नव्हतीच.

वाकळ म्हणजे गोधडी. पुणेकर गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ म्हणतात. ती काही विकत आणलेल्या कापडाची होत नाही. नेसून नेसून विरलेले, मध्ये दंड घालून पुन्हा नेसलेले आणि शेवटी दंडही न झेपणारे लुगडे जुनेर होते, आणि जुनेराचा शेवट वाकळेत होतो. सारवलेल्या जमिनीवर एक लांब लुगडे अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचे. त्यावर धोतराचे धडपे, सदऱ्याच्या पाठी, पोरांची फाटकी कापडे अशी रचायची की कुठे उंचवटा येऊ नये. वरून दुसरे लुगडे. मग लांब टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि कडेपासून आत बोट-बोट अंतरावर धावदोरा घालत जायचे. वाकळेवरच बसून वाकळ शिवावी लागते. पाठ मोडते, बोटाला भोके पडतात, गुडघे आखडतात. दोघी जावा समोरासमोर बसल्या तरी काम आठवड्यांवर जाते.

हे काम कधी होत असे? त्याला वेगळी वेळ कधीच नव्हती. रानातली कामे विरळ झाली की चैत्र-वैशाखात, दुपारची भाकरी झाली की, पोर पाळण्यात झोपले की, चूल विझली की. एका हाताने पाळण्याची दोरी ओढायची आणि दुसऱ्याने टाका घालायचा. बाळंतिणीसाठी दुपटे, पोरासाठी कुंची, म्हाताऱ्यासाठी पानाची चंची, डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ, हे सारे त्याच चिंध्यांतून, त्याच सुईने व्हायचे. घरात सर्वांना पांघरूण मिळायचे, पण शिवणारीने 'आज मी काम केले' असे म्हणायची सोय नव्हती. जनगणनेतही घरकाम करणाऱ्या बाईची गणना काम न करणाऱ्यांत होते.

येथे घोंगडीशी तुलना करून पाहावी. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात घोंगडीही होते. धनगराच्या मेंढरांची लोकर, सणगराचा माग, चिंचोक्याची खळ अशी तिची प्रक्रिया आहे. ती बाजारात येते, तिला भाव आहे, म्हणून तिच्या धंद्याची नोंद आहे. वाकळ बाजारात गेली नाही, म्हणून ती धंदा ठरली नाही, आणि बाईने केली म्हणून कलाही ठरली नाही. श्रमाला किंमत मिळते ती तो कोणासाठी केला त्यावरून. घरासाठी केलेला श्रम फुकटचा समजला जातो. हा नियम सर्व जातींच्या बायकांना लागू होता, हे मान्य केले पाहिजे. मराठ्याची बाईही रात्री डोळे फोडूनच वाकळ शिवत होती.

पण येथेच एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून वाकळेवर लिहिणे म्हणजे तिला केवळ हळव्या आठवणींचा विषय करणे होय. वाकळेत कापड कोणाचे होते? गावात ज्याच्या घरी वर्षाला चार लुगडी येत, त्याच्या घरी जुनेर घरचेच निघे. महारवाड्यात आणि मांगवाड्यात वर्षाला एक लुगडे येण्याची मारामार. तेथे वाकळेचे थर गावातून येत. कधी कामाच्या बदली, कधी सणाला मागून, आणि कधी स्मशानातून. प्रेतावरचे कापड हा गावगाड्याने महाराच्या पदरात 'हक्क' म्हणून टाकला होता. ज्या कापडाचा गावाला विटाळ, ते आमच्या पोरांचे पांघरूण. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहिलेल्या निबंधात डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे दुःख मांडले. ती ज्या थंडीबद्दल लिहीत होती, तिच्याशी लढायचे एकच हत्यार त्या बायकांच्या हाती होते, आणि ते म्हणजे चिंध्या आणि सुई.

जातीने घरातल्या बाईचे काम कसे वाढवले याची साक्ष खुद्द साताऱ्यात आहे. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब सैन्यातील नोकरीनंतर येथे राहिले. येथेच भीमाबाई वारल्या, आणि आत्या मीराबाईंनी मुले सांभाळली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वर्गात बसायला त्यांना वेगळा गोणपाटाचा तुकडा होता. शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. घरचे कपडे त्यांच्या बहिणी धूत. साताऱ्यात परीट नव्हते असे नाही, पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याचे कपडे परीट धूत नसे, एवढेच कारण होते. या नोंदीकडे आपण विद्यार्थ्याच्या अपमानाची नोंद म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक हिशेब आहे. परिटाने नाकारलेले काम बहिणींच्या हातावर आले. बहिष्काराचा भार प्रत्येक घरात शेवटी बाईच्या मनगटावर उतरला.

म्हणूनच डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे दागिने ही जातीची ओळख झाली आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये मेलेले ढोर आणि शिळे तुकडे सोडण्याची हाक दिली गेली होती. पुढे गावोगाव चळवळ पोचली तसे प्रेताचे कापडही नाकारले जाऊ लागले. या नकाराचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु नकार दिल्यावर त्या हिवाळ्यात पांघरायला काय होते? फुकटचे कापड थांबले आणि पोरे तेवढीच राहिली. तेव्हा दोन वाकळांची एक करणारी, ठिगळावर ठिगळ लावून स्वाभिमानाला ऊब पुरवणारी बाई सभेच्या वृत्तांतात कोठे आहे? १९५८च्या कायद्याने महारवतने संपली. वतनाच्या कागदावर पुरुषाचे नाव होते; वतन सोडल्याची किंमत बाईनेही भरली, आणि ती कोणत्याच कागदावर नाही.

धाग्याची हीच गोष्ट मुंबईतही घडली. सातारा जिल्ह्यातून माणसे गिरण्यांत गेली. तेथे अस्पृश्याला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगाराला त्या उष्ट्या धोट्याचा विटाळ होई. जास्त पगाराचे खाते त्यामुळे बंद. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. मुंबईत नवऱ्याच्या ओठाला लागलेला धागा विटाळाचा ठरत होता, आणि गावी त्याची बायको धाग्याचे टोक ओठांत ओले करून सुई ओवत होती. दोघांच्या श्रमाचा इतिहास एकच आहे. त्याचा संप झाला म्हणून त्याची नोंद राहिली. तिला संप करता येत नव्हता.

आपल्या साहित्यात वाकळ पुष्कळदा येते, पण बहुधा दारिद्र्याची खूण किंवा आईची माया म्हणून. शिवणारीचे तास त्यात येत नाहीत. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले आणि पुढे कित्येक वर्षे लपवून ठेवले. पुस्तक १९८६ साली आले. सुईप्रमाणे लेखणीलाही आपल्या बाईला चोरलेल्या वेळातच हात लावावा लागला, हे चळवळीतल्या पुरुषांनी विसरू नये.

आज वाकळेचे दिवस पालटले आहेत. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आठवडी बाजारात येतात. सुती लुगडे गेले. सिंथेटिक साडी सुईखाली निसटते आणि घाम टिपत नाही. दुसरीकडे शहरांतल्या प्रदर्शनांत गोधडी 'परंपरा' म्हणून मांडली जाते, तिच्यावर मायेच्या कविता छापल्या जातात. विकायला हरकत नाही. बाईच्या हाताला दाम मिळालाच पाहिजे. पण नगावर मिळणाऱ्या मजुरीतून तिच्या तासांचा हिशेब निघतो का, हे विचारले पाहिजे. आणि मायेच्या नावाखाली ते प्रेताचे कापड, तो नकार, ते आखडलेले गुडघे पुसले जात असतील तर त्याला विरोध केला पाहिजे. माया होतीच. पण मायेच्या नावावरच हा श्रम फुकट घेतला गेला.

मी महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. वसतिगृहात जाताना माझ्या वळकटीत आईची वाकळ होती आणि ती मी इतर मुलींसमोर उघडायला टाळत असे. तशी लाज शिकलेल्या घरांत आजही आहे. ती घालवायला वाकळ कपाटात पुजून चालणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांना घरी पाठवावे आणि आजीला विचारायला सांगावे: हा थर कोणाच्या लुगड्याचा? कापड कोठून आले? कोणते घ्यायचे नाही असे केव्हा ठरले, आणि घरात ते कोणी ठरवले? किती रात्री लागल्या? ही उत्तरे तारखेसह, गावासह लिहून घ्यावीत. ज्या बायकांना हे ठाऊक आहे त्यांची वये झाली आहेत, आणि लिहायला शिकलेली पहिली पिढी आपलीच आहे.