नायट्रस ऑक्साईड आणि मोटारगाडीची इंधनव्यवस्था : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या साधनांमध्ये नायट्रस ऑक्साईड या वायूस विशेष स्थान आहे. 2001 साली प्रदर्शित झालेल्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या अमेरिकन चित्रपटानंतर हा वायू जगभरच्या तरुण वाहनप्रेमींच्या परिचयाचा झाला. कळ दाबताच गाडी वाऱ्याच्या वेगाने धावू लागते, असे त्याचे चित्र जनमानसात रूढ झाले. या चित्रात वायूची निळी टाकी ठळकपणे दिसते. इंधनाचा पंप, नळी, गाळणी व दाबनियंत्रक मात्र दिसत नाहीत. वस्तुतः नायट्रसच्या वापराचा इतिहास पाहता, यश आणि अपघात या दोहोंचा निर्णय बहुतांशी इंधनव्यवस्थेनेच केल्याचे आढळते. प्रस्तुत लेखात विमान-इंजिनापासून शर्यतीच्या मोटारगाडीपर्यंतचा हा प्रवास इंधनपुरवठ्याच्या अंगाने तपासण्यात आला आहे.

वायूचा शोध आणि त्याचे ज्वलनविषयक गुणधर्म

नायट्रस ऑक्साईडचा शोध इंग्लंडमधील जोसेफ प्रिस्टली यांनी 1772 साली लावला. या वायूत मेणबत्ती जळत राहते, हे त्यांच्या निदर्शनास आले होते. पुढे 1799 मध्ये ब्रिस्टल येथे हम्फ्री डेव्ही यांनी स्वतःवर प्रयोग करून त्याचे मादक व वेदनाशामक परिणाम नोंदविले; 'हास्यवायू' हे त्याचे लोकप्रिय नाव त्या परिणामांवरून पडले. 1844 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना भूल देण्यासाठी त्याचा उपयोग केला. यामुळे या वायूची ओळख दीर्घकाळ वैद्यकाशी जोडलेली राहिली. इंधनाशी त्याचा संबंध जोडणारी एक महत्त्वाची नोंद 1914 ची आहे. अमेरिकन अग्निबाण-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांनी त्या वर्षीच्या आपल्या एकस्वात पेट्रोल व द्रवरूप नायट्रस ऑक्साईड या जोडीचा उल्लेख केला आहे.

हा वायू स्वतः जळत नाही. तो ज्वलनास मदत करतो. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साईडमध्ये त्याचे प्रमाण सुमारे 36 टक्के असते. सिलिंडरमधील उष्णतेने त्याचे विघटन होऊन नायट्रोजन व ऑक्सिजन मुक्त होतात आणि या विघटनातूनही उष्णता बाहेर पडते. शिवाय तो टाकीत दाबाखाली द्रवरूपात असतो व त्याचा उत्कलनबिंदू उणे 88 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यामुळे इंजिनात शिरताना त्याची वाफ होते, आत येणारी हवा थंड व घन होते आणि सिलिंडरमध्ये अधिक हवा मावते.

येथेच इंधनाचा प्रश्न उपस्थित होतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. नायट्रस ऑक्साईड मात्र सुमारे 9.6 भागच पुरतो. याचाच अर्थ, एक किलो नायट्रस इंजिनात सोडल्यास त्याच्या जोडीला किमान 100 ग्रॅमहून अधिक जादा पेट्रोल पोहोचलेच पाहिजे. शक्ती मिळते ती या जादा पेट्रोलच्या ज्वलनातून. वायू केवळ ते जाळण्याची सोय करतो.

विमान-इंजिन : उणीव भरून काढणारा वायू

इंजिनातील नायट्रसचा पहिला मोठा व्यावहारिक वापर दुसऱ्या महायुद्धात झाला. जर्मन वायुदलाने 'जीएम-1' या नावाने ही व्यवस्था प्रचारात आणली. 1940 च्या सुमारास तिच्या विकासात ओटो लुट्झ यांचा प्रमुख वाटा होता. मेसरश्मिट बीएफ 109 च्या ई-7/झेड या प्रकारात ती बसविण्यात आली आणि युद्धाच्या अखेरीस तयार झालेल्या टीए 152 एच या अत्युच्च उंचीवरील लढाऊ विमानातही तिचा अंतर्भाव होता. ब्रिटिश वायुदलानेही 1944 मध्ये काही मॉस्किटो रात्र-लढाऊ विमानांत नायट्रसचा वापर केला.

या वापराचे स्वरूप नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. विमान जसजसे उंच जाते तसतशी हवा विरळ होते. एका ठराविक उंचीपलीकडे सुपरचार्जरही पुरेसा दाब देऊ शकत नाही आणि इंजिनाची शक्ती घटत जाते. जीएम-1 चा उपयोग नेमका या टप्प्यावर केला जाई. म्हणजेच वायूमुळे इंजिनाला त्याची हरवलेली शक्ती परत मिळत असे. अशा इंजिनाचे पंप व नळ्या कमी उंचीवरील पूर्ण शक्तीसाठी आधीच बांधलेल्या असत. उंचीवर इंधनाची मागणी घटल्याने त्यांच्या क्षमतेत काही शिल्लक राही. जादा इंधनाची मात्रा ठरवावी लागे हे खरे, परंतु ते वाहून नेण्याची मूळ कुवत यंत्रणेत उपलब्ध होती.

मोटारगाडी : कुवतीपलीकडचा भार

युद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या गाड्यांचे इंजिन सुधारून सरळ रस्त्यावर शर्यती लावण्याचा छंद मोठ्या प्रमाणावर पसरला. 1948 मध्ये 'नॅसकार' व 1951 मध्ये 'एनएचआरए' या संघटना स्थापन झाल्या आणि शर्यतींना नियमांची चौकट मिळाली. नायट्रसची टाकी लहान असल्याने ती लपविणे सोपे होते. त्यामुळे काही काळ हा वायू शर्यतीच्या जगात गुपित म्हणून वावरला. 1976 च्या 'डेटोना 500' शर्यतीच्या पात्रता फेरीतील आघाडीच्या चालकांच्या वेळा रद्द करण्यात आल्या, तेव्हा नायट्रसचा प्रश्न उघड चर्चेत आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1978 मध्ये, माइक थर्मोस व डेल वाझनायन यांनी कॅलिफोर्नियात 'नायट्रस ऑक्साईड सिस्टिम्स' ही कंपनी स्थापन केली आणि वायूची टाकी, झडपा व जेट यांचा तयार संच सामान्य ग्राहकाला मिळू लागला.

विमान आणि मोटारगाडी यांतील मूलभूत फरक या ठिकाणी स्पष्ट होतो. जमिनीवरील गाडीत हवा पुरेशी असते आणि इंजिन आपल्या पूर्ण शक्तीने चालत असतानाच वायू सोडला जातो. पंप, नळी व गाळणी ही सर्व सामग्री त्याच वेळी आपल्या कमाल मर्यादेजवळ असते. ढोबळ हिशेबाने 100 अश्वशक्तीची भर घालायची असल्यास ताशी सुमारे 40 लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे दोन तृतीयांश लिटर जादा पेट्रोल लागते. 200 अश्वशक्तीच्या गाडीसाठी ही मागणी मूळ पुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्याने अधिक आहे. कारखान्याने बसविलेल्या पंपाकडून ती पुरी होईल असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

कार्ब्युरेटरच्या काळात हा पंप इंजिनाच्याच गतीवर चालणारा, पडद्याचा असे आणि त्याचा दाब सामान्यतः चौरस इंचास सहा-सात पौंडांपलीकडे जात नसे. नायट्रससाठी लागणारे पेट्रोल त्याच नळीतून घेतल्यास कार्ब्युरेटरचे पात्र रिकामे होऊ लागे आणि दोन्ही वाटांनी इंधन अपुरे पडे. यावर उपाय म्हणून विजेवर चालणारा जादा पंप, अधिक व्यासाची नळी, मोठी गाळणी व स्वतंत्र दाबनियंत्रक बसविण्याची पद्धत रूढ झाली. मोठ्या शक्तीच्या गाड्यांत नायट्रससाठी पेट्रोलची स्वतंत्र टाकीही ठेवली जाऊ लागली.

इंधन अपुरे पडल्याचे परिणाम केवळ शक्ती कमी होण्यापुरते मर्यादित राहत नाहीत. ऑक्सिजन जादा व पेट्रोल कमी अशा मिश्रणाचे तापमान वाढते, ठिणगी पडण्यापूर्वी किंवा ज्योत पोहोचण्यापूर्वी मिश्रण ठिकठिकाणी पेटते आणि इंजिनात ठोके बसू लागतात. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यास काही सेकंदही पुरतात. म्हणूनच जाणकार कारागीर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे जास्तच ठेवतात आणि ठिणगीची वेळ मागे घेतात.

फ्युएल इंजेक्शनचे युग

1967 मध्ये बॉश कंपनीची 'डी-जेट्रॉनिक' ही इलेक्ट्रॉनिक इंधन-व्यवस्था फोक्सवॅगनच्या गाडीत आली आणि 1980 च्या दशकात अशा व्यवस्था सर्वत्र पसरल्या. पंप टाकीत गेला व इंधनाचा दाब अनेकपटींनी वाढला. नायट्रसच्या संचांतही दोन मार्ग निर्माण झाले. 'ओल्या' संचात वायूबरोबर जादा पेट्रोलही वेगळ्या तोटीतून सोडले जाते. 'कोरड्या' संचात केवळ वायू सोडला जातो आणि जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरमधूनच मिळविले जाते. त्यासाठी नायट्रसच्याच दाबाचा उपयोग करून इंधनाच्या दाबनियंत्रकावर भार टाकण्याची युक्ती प्रचलित झाली.

ही युक्ती सोपी असली तरी तिच्यात एक अंतर्विरोध होता. इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला तरी इंधन सुमारे 41 टक्क्यांनीच वाढते. उलटपक्षी दाब वाढला की विजेच्या पंपाची वाहून नेण्याची क्षमता कमी होते. ज्या क्षणी पंपाकडून सर्वाधिक अपेक्षा असते, त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा असतो. पंपाकडे जाणारी वीजवाहिनी बारीक असल्यास व्होल्टेज घटून ही दुर्बलता आणखी वाढते. त्यामुळे पंपाची क्षमता प्रत्यक्ष वापराच्या दाबावर तपासणे, त्याला रिलेमार्फत जाड वाहिनीने वीज देणे आणि मोठे इंजेक्टर बसविणे या बाबी सुधारणेच्या केंद्रस्थानी आल्या. पुढे संगणकीय नियंत्रकाने इंजेक्टर उघडे राहण्याचा कालावधी वाढविणे शक्य झाल्याने कोरडा मार्ग अधिक विश्वासार्ह बनला.

सुरक्षेची साखळी

अनुभवातून सुरक्षेची एक साखळी विकसित झाली. थ्रॉटल पूर्ण उघडला असेल तरच वायू सुरू व्हावा; इंजिनाची गती ठराविक मर्यादेत असेल तरच तो चालू राहावा, अन्यथा हवेच्या मार्गात साचलेले मिश्रण पेटून उलट भडका उडतो. या साखळीतील सर्वांत महत्त्वाची कडी म्हणजे इंधनदाबाची कळ. दाब ठरलेल्या मर्यादेखाली घसरताच ती वायूचा पुरवठा तोडते. इंधन नसेल तर वायूही नाही, हे तत्त्व या लहानशा कळेत मूर्त झाले आहे. मात्र इंधनाचा दाब केवळ पंप चालू ठेवून वाचणे पुरेसे नसते. पेट्रोल प्रत्यक्ष वाहत असताना तो किती टिकतो, हे पाहावे लागते.

टाकीतील तापमानही इंधनाच्या हिशेबाशी निगडित आहे. टाकीतील वायूचा दाब 0 अंशाला सुमारे 31 बार, तर 20 अंशाला सुमारे 50 बार असतो. टाकी तापली की त्याच जेटमधून अधिक वायू जातो. पेट्रोल मात्र तेवढेच राहते आणि मिश्रण विरळ होते.

वायूच्या अंगभूत धोक्याचे स्मरण 26 जुलै 2007 रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे झाले. 'स्केल्ड कॉम्पोझिट्स' या कंपनीत अग्निबाण-इंजिनासाठी नायट्रसच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना स्फोट होऊन तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. या चाचणीत इंधन पेटविले जात नव्हते. तेल, ग्रीस यांसारख्या पदार्थांचा संसर्ग वायूच्या नळ्या व झडपांना होऊ न देण्याचा दंडक किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते.

भारतीय संदर्भ

भारतात हा वायू मुख्यतः रुग्णालयांत भुलीसाठी परिचित आहे. वाहनाबाबत मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 महत्त्वाचे ठरते. उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास ते प्रतिबंध करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निर्णयात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. कायद्याइतकेच हवामानही येथे विचारात घ्यावे लागते. नायट्रस ऑक्साईडचे क्रांतिक तापमान सुमारे 36.4 अंश सेल्सिअस आहे. त्यापुढे तो कितीही दाबाखाली द्रवरूपात राहत नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि बंद गाडीच्या डिकीत तो त्याहूनही वर जातो. अशा स्थितीत टाकीतील दाब झपाट्याने वाढतो आणि थंड प्रदेशात बसविलेला जेटचा हिशेब निरुपयोगी ठरतो. परदेशी संचाबरोबर आलेला तक्ता जसाच्या तसा येथे लागू करणे त्यामुळे अशास्त्रीय आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. विमानात नायट्रसने घटलेली शक्ती भरून काढली. मोटारगाडीत त्याने मूळ कुवतीवर नवा भार चढविला. या फरकामुळेच मोटारगाडीत इंधनव्यवस्थेची पुनर्बांधणी अपरिहार्य झाली. पंप, वाहिनी, नळी, गाळणी, दाबनियंत्रक, इंजेक्टर आणि दाबाची कळ हा त्या पुनर्बांधणीचा क्रम अनेक इंजिने गमावून निश्चित झालेला आहे. चित्रपटाने तरुणांच्या मनावर निळ्या टाकीची प्रतिमा ठसविली. तिच्यामागील इंधनाचा हिशेब मात्र पडद्याआड राहिला. अभियांत्रिकी व व्यवसाय शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत हा हिशेब इतिहासासह शिकविला गेल्यास, शक्तीच्या आकर्षणाला जबाबदारीची जोड मिळू शकेल.