शब्द, खर्ज आणि भिंत : सातारा-सांगलीच्या घरांतील आवाजाचा इतिहास

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ‘डॉल्बी’ म्हटले की गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाहनावर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत डोळ्यांसमोर येते. मात्र हा शब्द मुळात रे डॉल्बी या अभियंत्याचे आडनाव आहे आणि त्यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेचे पहिले काम ध्वनिफितीवर सतत ऐकू येणारी खरखर कमी करणे हे होते. गोंगाट वजा करून मूळ आवाज स्वच्छ ऐकवणे या उद्देशाने जन्मलेले नाव या प्रदेशात सर्वांत मोठ्या दणदणाटाचे नाव झाले आणि आज तेच नाव दूरचित्रवाणी संचाखाली ठेवायच्या साउंडबारच्या खोक्यावर छापलेले असते. साउंडबार म्हणजे एका लांबट, चपट्या पेटीत बसवलेल्या अनेक छोट्या ध्वनिवर्धकांची रांग. बेताच्या पैशांत असा संच निवडताना आवाज किती मोठा आणि आवाज किती स्पष्ट हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि या दोन जिल्ह्यांच्या श्रवणाच्या इतिहासात दुसऱ्या प्रश्नाचा मान पहिल्यापेक्षा जुना आहे.

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि तो दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी आवाज वाढवण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते. कथेचा धागा पद्यातून पुढे नेणारा सूत्रधार रंगमंचावर सतत हजर असे, आणि सोंगे, राक्षसांच्या आरोळ्या व वाद्यांचा गजर कितीही चालला तरी प्रेक्षकाला कथा कळे ती सूत्रधाराच्या शब्दांतून. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा संगीत नाटकाचा बहर सुरू झाला होता, तरीही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवण्याची जबाबदारी गायक नटाच्या गळ्यावरच होती. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांच्या लावण्या ज्या तमाशाच्या फडांतून गाजल्या, त्या फडांतील उंच पट्टीचे गाणे उघड्या मैदानातील गर्दीला ऐकू जाण्याच्या गरजेशी जोडलेले होते, कारण उंच स्वर गलक्यातूनही वेगळा ओळखता येतो.

शब्दाची ही परंपरा सांगलीत रुजत असताना जवळच्या मिरजेत खर्जाची, म्हणजे खालच्या गंभीर स्वराची, कारागिरी आकार घेत होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या आणि ती दुरुस्त करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली; फरीदसाहेब हे त्यांतील आद्य नाव मानले जाते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांसाठी लागणारा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, आणि पुरुषी गळ्याच्या खालच्या पट्टीसाठी मोठा भोपळा तर स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी लहान भोपळा निवडण्याची कारागिरांची रीत आहे. या रीतीमागे ध्वनिशास्त्राचा एक सरळ नियम आहे : खालचा स्वर भरदार उमटायचा असेल तर बरीच हवा हलवावी लागते, आणि त्यासाठी मोठी पोकळी किंवा मोठा पृष्ठभाग हवा. मनगटाएवढ्या जाडीच्या साउंडबारमधून ढोलाचा घुमार येत नाही, म्हणून त्याच्या जोडीला सबवूफर नावाचे वेगळे, चौकोनी खोके द्यावे लागते. दुकानदार ज्याला ‘बेस’ म्हणतात तो हाच खर्ज, आणि सबवूफर म्हणजे त्या संचाचा भोपळा.

ध्वनिमुद्रणाने आवाज गायकापासून सुटा केला. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते आणि १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे दफनही मिरजेतच झाले, पण लाखेच्या तबकड्यांवरील त्यांचा आवाज ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते अशांच्या घरी पोचला. त्या तबकड्यांच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे आणि खर्ज फार क्षीण उमटे, तरी शब्द आणि स्वर टिकत. १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी चुंबकातील तारेच्या वेटोळ्याला कागदी शंकू जोडून तो विजेने हलवणारा ध्वनिवर्धक मांडला, आणि आजच्या स्वस्तातील स्वस्त साउंडबारमध्येही आवाज निर्माण होतो तो त्याच तत्त्वावर. या प्रदेशातील सामान्य माणसाला मात्र यांत्रिक आवाजाची ओळख घराबाहेर झाली : जत्रेतील तंबू सिनेमात, किंवा देवळाच्या शिखराला बांधलेल्या कर्ण्यातून.

घराच्या उंबऱ्याच्या आत आवाज स्थिरावला तो रेडिओमुळे. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले होते. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि कृष्णाकाठच्या गावांना आपल्या बोलीच्या जवळचा आवाज रोज ऐकू येऊ लागला. वीज न पोचलेल्या वस्त्यांवर सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर गेला, तो गोठ्यात, मळ्यात, मोटेवर आणि गुऱ्हाळातही टांगला जाई. मध्यम लहरींवरील प्रसारणात अतिउंच आणि अतिखालचे स्वर कापले जात, पण मानवी बोलण्यातील व्यंजने ज्या सेकंदाला साधारण २००० ते ४००० कंपनांच्या पट्ट्यात स्पष्ट होतात, तेथपर्यंतचा बराचसा भाग त्यातून पोचत असे. एकाच ध्वनिवर्धकावर बातम्या, शेतीचे कार्यक्रम, श्रुतिका आणि नाट्यसंगीत ऐकत दोन पिढ्या वाढल्या, आणि त्यांना काही कमी पडल्याची जाणीव झाली नाही, ही बाब घरगुती आवाजाच्या विचारात आज विसरली जाते, हे खंत वाटण्यासारखे आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे मात्र वेगाने उभी राहिली ती १९८४ च्या सुमारास. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा गल्लीत किंवा वस्तीवर एखाद-दुसराच संच असे आणि त्याच्यासमोर सगळा शेजार बसे. त्या काळचा संच म्हणजे मागे फुगीर काचेची नळी असलेला खोल, जड पेटारा होता, आणि त्या खोलीमुळेच पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकाकडे तोंड करून, बऱ्यापैकी मोठा ध्वनिवर्धक बसवता येत असे.

चित्रपटगृहांत याच सुमारास वेगळे काही घडत होते. डॉल्बी यांच्या कंपनीने १९७० च्या दशकात चित्रपटाच्या फितीवरील दोन ध्वनिपट्ट्यांत चार मार्ग गुंफण्याची पद्धत आणली : डावा, उजवा, मधला आणि प्रेक्षकांच्या पाठीमागचा. १९९२ मध्ये अंकीय ध्वनी आला आणि त्याबरोबर आज खोक्यांवर दिसणारी ५.१ ही खूण रुळली. तिच्यातील पाच म्हणजे समोरचे तीन आणि मागचे दोन ध्वनिवर्धक, आणि दशांश चिन्हानंतरचा एक म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा सबवूफर. या रचनेचे मर्म मधल्या मार्गात आहे. प्रेक्षक कोणत्याही कोपऱ्यात बसला तरी संवाद पडद्यावरच्या ओठांतून आल्यासारखा वाटावा म्हणून तो मार्ग राखून ठेवलेला असतो; १८४३ च्या रंगमंचावर जे स्थान सूत्रधाराचे होते, तेच येथे त्याचे आहे.

चित्रपटगृहांच्या पाट्यांवरून ‘डॉल्बी’ हा शब्द रस्त्यावर उतरला असावा, असा तर्क करता येतो. खर्जाचे खोके एकावर एक रचून बनलेल्या मिरवणुकीतील ‘डॉल्बी’त सूत्रधाराला जागाच नव्हती. २०१४ च्या गणेश विसर्जनात साताऱ्यात जुन्या इमारतीची भिंत कोसळून तीन जणांचा मृत्यू झाला, त्याचा दोष या यंत्रणेच्या हादऱ्यांना दिला गेला आणि डॉल्बीमुक्त उत्सवाच्या मागणीला जोर आला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालणारे केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासूनच अस्तित्वात होते. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक आहे.

मोठ्या आवाजाची हीच ओढ घरात वेगळ्या रूपाने आली. १९९० च्या दशकात कॅसेटचे डेक आणि पुढे व्हीसीडीबरोबर विकले गेलेले पाच खोक्यांचे ‘होम थिएटर’ यांच्यावर पीएमपीओ या मापात शेकडो, हजारो वॉटचे आकडे छापलेले असत. हे माप क्षणभराच्या कल्पित कमाल शक्तीचे असल्याने त्याला व्यवहारात अर्थ नव्हता. सलग किती शक्ती मिळते हे सांगणारे आरएमएस हे माप त्यामानाने विश्वासार्ह आहे. तरीही वॉट दुप्पट केले तर पातळी केवळ तीन डेसिबलने वाढते, जी कानाला जेमतेम जाणवते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोनशे आणि चारशे वॉटच्या संचांतील किमतीचा फरक आवाजाच्या मोठेपणासाठी मोजणे किती व्यर्थ आहे ते कळते.

संच सपाट झाले तेव्हा खरी अडचण उभी राहिली. एलसीडी आणि एलईडी पडदे इंच-दोन इंचांवर आले, त्यामुळे ध्वनिवर्धक चिमुकले झाले आणि त्यांची तोंडे खाली किंवा मागच्या भिंतीकडे वळली. चित्र मोठे होत गेले आणि संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येऊ लागले. एका लांब पेटीत अनेक ध्वनिवर्धक बसवण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकाअखेर सुरू झाले होते, आणि २००० च्या दशकाच्या मध्यावर यामाहा कंपनीने चाळीस छोट्या ध्वनिवर्धकांच्या साह्याने आवाजाचे झोत बाजूच्या भिंतींवर टाकून ते मागून आल्याचा भास देणारी पेटी विकायला आणली. आज स्वस्त संचांवर लिहिलेला ‘व्हर्च्युअल सराउंड’ हा याच कल्पनेचा पुष्कळ पातळ केलेला वारसा आहे, कारण चाळीसऐवजी दोन-तीन ध्वनिवर्धकांवर ते काम सोपवलेले असते.

येथे घराची भिंत निर्णायक ठरते. झोत परतवायला दोन्ही बाजूंना साधारण सारख्या अंतरावर मोकळ्या भिंती लागतात, पण या प्रदेशातील बैठकीच्या खोलीची एक बाजू बहुधा स्वयंपाकघराकडे, जिन्याकडे किंवा ओसरीकडे उघडी असते, आणि तेव्हा मागचा भास उमटत नाही. मागे ठेवायचे दोन खरे छोटे ध्वनिवर्धक आणि सबवूफर मिळून येणारा वायरचा संच त्याच पैशांत अधिक खरा परिणाम देतो, मात्र वायर उंबऱ्यावरून किंवा चौकटीवरून न्यावी लागते. माण-खटावच्या पांढऱ्या मातीच्या माळवदी घरांत जाड, खडबडीत भिंती उंच स्वर शोषून घेत आणि बोलणे कोरडे, स्पष्ट राही. स्लॅबच्या घरात गुळगुळीत फरशी आणि गिलावा केलेल्या भिंती तोच आवाज परत फेकतात, म्हणून सतरंजी आणि जाड पडदे हा महागड्या संचापेक्षा आधी करण्याचा खर्च आहे. बारा फूट लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो, आणि सबवूफर कोपऱ्यात ढकलला की तो घुमार आणखी वाढून शब्दांवर चढतो. साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात जेथे भिंतीला भिंत लागलेली आहे, तेथे हाच खर्ज शेजाऱ्याच्या घरातही शिरतो, कारण खालचे स्वर भिंत सहज ओलांडतात. कृष्णेच्या पुराने २०१९ मध्ये गावभागासह सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. जमिनीवर ठेवायचा भाग म्हणजे सबवूफरच असल्याने नदीकाठच्या घरात त्याला चौरंग द्यावा, हे त्या पुरानंतर वेगळे समजावण्याची गरज नाही.

जोडणीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. २००९ नंतरच्या बहुतेक संचांत एआरसी ही सोय असलेले एचडीएमआय छिद्र असते, ज्यातून आवाज दूरचित्रवाणीकडून साउंडबारकडे परत येतो आणि पाच मार्ग शाबूत राहतात; ब्लूटूथने जोडल्यास सर्वसाधारण संचात दोनच मार्ग उरतात आणि मागच्या ध्वनिवर्धकांसाठी दिलेले पैसे वाया जातात. वाहिन्यांवरील मराठी मालिका आणि बातम्या बहुतांशी दोन मार्गांच्याच असतात, भोवतालचा आवाज मिळतो तो प्रामुख्याने ओटीटीवरील चित्रपटांत, आणि म्हणून ज्या घरात संध्याकाळभर मालिका चालतात तेथे स्वतंत्र मधला ध्वनिवर्धक व संवाद उठावदार करणारी कळ असलेला ३.१ मार्गांचा संच हा मागच्या खोक्यांच्या हौसेपेक्षा शहाणा निर्णय ठरतो. दुकानात तो ऐकताना नृत्याचे गाणे लावण्याऐवजी, कमी आवाजावर एखादा संवादांचा प्रसंग लावावा आणि घरातील वयस्कर माणसाला प्रत्येक शब्द कळतो का ते पाहावे. विक्रेत्याच्या हातातील रिमोट आधी आवाज वाढवतो, आणि वाढलेला आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

आवाज कसा निवडावा याबरोबर तो केव्हा बंद ठेवावा हाही प्रश्न या प्रदेशात पुढे आला : सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजवून दूरचित्रवाणी आणि मोबाइल दीड तास बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, मुलांनी त्या वेळात अभ्यास करावा आणि घरातल्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की घराघरांतील संच पुन्हा सुरू होत.