मोर्तबाविना आज्ञा

'मु. पो. रामवाडी, ता. पेण, जि. रायगड' या पत्त्यात गाव कोणते आणि तालुका कोणता हे पोस्टमनला नावांवरून कळत नाही, नावांआधीच्या खुणांवरून कळते. या खुणांमागचा विचार जुनाच आहे: मजकुराची हद्द मजकुराच्या भरवशावर सोडायची नसते. मराठी दफ्तरांना तो ठाऊक होता. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहीत. अशा पत्राच्या शेवटी चार अक्षरे घुसडणे अवघड नव्हते, म्हणून शिवकालीन पत्रांत मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटवलेली दिसते. तिच्याखाली कोणी हुबेहूब अक्षरात ओळ लिहिली तरी ती हुकमात धरायची नाही. या शेवटच्या मुद्रेला मोर्तब म्हणत; 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द याच रिवाजातला.

युनिक्स या संगणक प्रणालीच्या शेलमध्ये नेमके हे मोर्तब नाही. शेल म्हणजे टाइप केलेली ओळ वाचून प्रोग्रॅम चालवणारा कारकून. मोकळी जागा दिसली की तो शब्द तोडतो, अर्धविराम किंवा नवी ओळ दिसली की नवी आज्ञा सुरू झाली असे समजतो. ओळ लिहिणारा आणि आज्ञा देणारा एकच होता तोवर हे सोयीचे होते. वेब आल्यावर परक्याने फॉर्ममध्ये भरलेला मजकूर त्याच ओळीत चिकटवला जाऊ लागला. त्यावर उपाय निघाला 'एस्केप' करण्याचा, म्हणजे धोक्याच्या प्रत्येक चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ देऊन त्याची ताकद काढून घेण्याचा. एनसीएसए आणि अपाची या वेब सर्व्हरांबरोबर 'पीएचएफ' नावाचा फोनबुक शोधणारा नमुना प्रोग्रॅम मिळे. त्यातल्या एस्केपच्या यादीत नव्या ओळीचे चिन्ह राहून गेले होते. १९९६ मध्ये ते उघड झाले, तोवर कोणीही नावाच्या रकान्यात दुसरी ओळ घालून त्या सर्व्हरवर आपली आज्ञा चालवू शकत होता.

कोणी म्हणेल, ही यादी करणाऱ्याची चूक, पद्धतीची नव्हे. पीएचपी भाषेतून ईमेल पाठवणाऱ्या 'पीएचपीमेलर' या लायब्ररीचे डिसेंबर २०१६ चे प्रकरण त्याला उत्तर देते. पाठवणाऱ्याच्या ईमेल पत्त्यात अवतरणचिन्हे आणि मोकळ्या जागा नियमाने चालतात. असा वैध पत्ता 'सेंडमेल' या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत जाताना फुटून अनेक पर्यायांचा, म्हणजे प्रोग्रॅमचे वागणे बदलणाऱ्या सूचनांचा, होई आणि त्यातून सर्व्हरवर हवी ती फाइल लिहिता येई. दुरुस्ती म्हणून पत्त्याला एस्केपचे आणखी एक वेष्टन घातले गेले. पण पीएचपीचे मेल फंक्शन आतून स्वतःचे एस्केप करतच होते. दोन्ही रीती एकमेकींवर आपटल्या आणि काही दिवसांतच तीच वाट पुन्हा उघडली. दोन्ही फंक्शने आपापल्या जागी बरोबर होती, हे इथे लक्षात घ्यावे. मजकूर पुढे कोण आणि किती वेळा वाचणार हे एस्केप करणाऱ्याला माहीत नसते. ही उणीव यादी वाढवून भरत नाही.

मग शेलला मधून काढावे आणि प्रत्येक शब्द वेगळ्या रकान्यात थेट प्रोग्रॅमला द्यावा, हा माझ्या मते खरा इलाज. युनिक्समध्ये ती सोय पहिल्यापासून आहे. त्यावरचा आक्षेप मात्र रास्त आहे: रकाना वेगळा असला तरी आडव्या रेघेने सुरू होणारा शब्द प्रोग्रॅम पर्याय म्हणून वाचू शकतो. म्हणून बरेच प्रोग्रॅम दोन आडव्या रेघांनंतर पर्याय संपले असे मानतात, आणि ही मर्यादामुद्रेची सख्खी बहीणच आहे. विंडोजची अडचण जास्त खोल आहे. तिथे रकाने शेवटी एकाच ओळीत जोडले जातात आणि बॅच फाइल चालवताना ती ओळ 'सीएमडी' हा तिथला शेल स्वतःच्या नियमांनी तोडतो. रस्ट भाषेच्या प्रमाण लायब्ररीतही ही फट निघाली. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या १.७७.२ या आवृत्तीत एस्केप सुधारले गेलेच, शिवाय जो मजकूर खात्रीने सुरक्षित करता येत नाही, त्यासाठी ती लायब्ररी आता आज्ञाच चालवत नाही, चूक कळवून थांबते.