घाटउतरणीचा पोशाख

पौषातल्या पहाटे राजूरच्या पेठेतून जो मनुष्य कोकणाकडे पायी निघे, त्याच्यापुढे एक प्रश्न उभा असे. तो इतका साधा आहे की, इतिहासाच्या ग्रंथांत त्यास सहसा जागा मिळत नाही. निघतेवेळी हातपाय आखडून जावेत अशी थंडी. आणि त्याच प्रवासात, घाट उतरून खालच्या भातखाचरांत पाऊल पडते न पडते तोच अंगावरची बंडीही नकोशी व्हावी असा उकाडा. मग अंगावर घालावे तरी काय? थंडीपुरते घालावे तर पुढे त्याचे ओझे होते. उकाड्यापुरते घालावे तर वाटेतच हुडहुडी भरते. सधनाचे यात फारसे अडत नाही, कारण त्याचे ओझे वाहणारा दुसरा कोणी असतो. ज्यास आपले सर्व सामान आपल्याच खांद्यावर न्यावयाचे आहे, त्याने हा प्रश्न कसा सोडविला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. राजूर हे अकोले तालुक्यातील बाजाराचे गाव. त्याच्या पश्चिमेस जो डोंगराळ मुलूख लागतो त्यास डांगाण म्हणतात. एका अंगास कळसूबाईचे सुमारे ५,४०० फूट उंचीचे शिखर, दुसऱ्या अंगास प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड, मध्ये १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचा जलाशय, आणि त्याही पलीकडे घाटघर. घाटघरापाशी देश एकाएकी संपतो. कड्याच्या टोकास उभे राहिले म्हणजे खाली शहापूर तालुक्याची राने दिसतात, व चोंढे घाटाची वाट त्यांत उतरते. याच ठिकाणी २००८ साली जो वीजप्रकल्प सुरू झाला, त्याच्या वरच्या व खालच्या पाण्यात तेराशे फुटांच्या आसपास अंतर आहे. त्यावरून उतरणीची कल्पना यावी. दर हजार फुटांस सुमारे दोन अंश सेल्सिअस हा पदार्थविज्ञानाचा हिशेब लावला, तर एवढ्या उतारास अडीच अंशांचाच फरक येतो, आणि वाचक म्हणतील की त्यात काय मोठेसे! परंतु हा हिशेब अपुरा आहे. घाटमाथ्यावर हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र; दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते, व गार झालेली जड हवा खोऱ्याखोऱ्यांत साचून राहते. कोकणपट्टीत समुद्राच्या सान्निध्याने हवेत ओलावा असतो. तो रात्रीची उष्णता सहसा निसटू देत नाही आणि दिवसा घामही वाळू देत नाही. म्हणून पहाटे वर निघालेला आणि भर दुपारी खाली पोचलेला मनुष्य एका दिवसात दोन ऋतू ओलांडतो.

ही वाट हौसेची नव्हती. आगगाडी आणि गाडीरस्ते होण्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून खालचे मीठ वर चढे, आणि वरचे धान्य व हिरडा खाली उतरे. (या मुलखाच्या डांगी बैलाच्या कातडीतून एक तेलकट द्रव पाझरतो व त्यामुळे पावसाचे पाणी त्याच्या अंगावर ठरत नाही, म्हणजे जनावराने आपला पोशाख अंगाबरोबरच आणलेला असतो. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तेथे जाणत्या शेतकऱ्याचा हात प्रथम कातडीवरून फिरतो, तो उगीच नव्हे.) मनुष्यास मात्र निसर्गाने अशी सोय करून दिलेली नाही. त्याने ती मेंढीपासून उसनी घेतली, व तिचे नाव घोंगडी.

घोंगडीस आपण शहरवासी जाडेभरडे, टोचणारे पांघरूण समजतो. तो समज अज्ञानाचा आहे. धनगरांच्या घरी हाताने कातलेले सूत सनगर मागावर विणतो. त्यास चिंचोक्याची खळ देतो, म्हणजे वीण घट्ट बसते. रंग बहुधा मेंढीचाच, काळा किंवा पांढरा. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, तिची घोंगडी सर्वांत मऊ. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ऊब येते, हे तर खरेच; परंतु तिचा दुसरा गुण प्रवाशास अधिक मोलाचा आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीन दशांश इतका ओलावा पोटात घेऊनही स्पर्शास फारशी ओली लागत नाही. कापसाचे वस्त्र घामाने किंवा दवाने भिजले म्हणजे अंगास चिकटते व वारा लागताच काकडा भरवते. पहाटेच्या दवात चालणाऱ्यास या दोहोंतील भेद कोणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आणि घोंगडीस ना बाही, ना गुंडी, ना मापाचा काच. माथ्यावर असताना ती डोक्यावरून खोळ करून घ्यावी. उतरण लागताच घडी करून खांद्यावर टाकावी, म्हणजे तीच ओझ्याखालची गादी होते. पाणवठ्याशी घाम आलेल्या अंगाने बसावे लागले तर पाठीवर ओढावी. खाली पोचल्यावर तिच्यावर धान्य पसरावे, रात्री तीच अंथरावी. माथ्यावर कामास आली आणि पायथ्याशी निरुपयोगी झाली, असे तिचे होतच नाही. थंडीतून उष्ण मुलखात जाणाऱ्याची खरी अडचण ‘काय घालावे’ ही नसून ‘काढलेल्याचे काय करावे’ ही असते, व घोंगडीने नेमके तेच कोडे उलगडले आहे. तिच्याखाली लंगोटी, बंडी, डोक्यास मुंडासे आणि पायांत वहाणा एवढे असले की घाटमाथ्याच्या पुरुषाचा पोशाख पुरा झाला. पुरुषाचा, असे मुद्दाम म्हटले. स्त्रीचा विचार पुढे येईल.

हा प्रवास सर्वांत नेमाने करणारे लोक म्हणजे धनगर. नगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील ढवळपुरीकडचे कळप पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोकणात जातात, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवितात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य अथवा पैसा घेतात, आणि मृगापूर्वी माघारी फिरतात. कारण कोकणचा पाऊस मेंढीस मानवत नाही, तिचे खूर सडतात. मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ऋतुमान पाहून वस्त्र उतरविणे येथे केवळ माणसाच्याच नव्हे, कळपाच्याही अंगवळणी पडलेले आहे.

सरकारासही हा पोशाख एकदा पत्करावा लागला होता. राजूरजवळच्या देवगावचा राघोजी भांगरे यास इंग्रजांनी पंढरपुरात पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. त्यानंतर दहा वर्षेही लोटली नाहीत तोच, १८५७ च्या धामधुमीत, त्याच महादेव कोळ्यांची एक पलटण कॅप्टन नटॉल याने उभी केली. भिल्लांच्या बंडास ते मिळू नयेत हा त्यातला हेतू होता. पुणे, नगर व नाशिक या जिल्ह्यांच्या पश्चिम डोंगरांतून जमविलेल्या या शिपायांची संख्या पुढे सहाशेपर्यंत गेली. १८६१ साली पलटण मोडली. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत त्यांच्या गणवेषाचे वर्णन आहे. गडद हिरवे पीळदार मुंडासे, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंतच पोचणारे काळसर तांबडे धोतर, आणि चालण्यासाठी वहाणा. तंबू नाही, ओझ्याची जनावरे नाहीत. प्रत्येकाचे सामान त्याच्याच पाठीवर, आणि स्वयंपाकाची भांडी आपसांत वाटून घेतलेली. अशा रीतीने ते अत्यंत बिकट मुलखात दिवसास तीसचाळीस मैल चालत. रंग सरकारचा, पण गुडघे मोकळे ठेवण्याची अक्कल डांगाणाची, असे आमचे मत आहे.

याच्या शेजारी त्याच काळच्या गोऱ्या साहेबाचा सरंजाम ठेवून पाहावा. विलायतेच्या थंडीतून आगबोटीने निघालेला हा गृहस्थ उष्ण देशास इतका भीत असे की, उन्हासाठी भेंडाची टोपी, कण्यास ऊन लागू नये म्हणून पाठीवर कापडाची गादी, आणि पोटास गारवा लागून पटकी होऊ नये म्हणून कमरेभोवती फलाणीचा पट्टा, असा सारा साज तो चढवी. पटकीचा जंतू पाण्यातून येतो हे समजल्यावरही हा पट्टा कित्येक वर्षे फौजेत टिकून राहिला. हसण्याचे कारण नाही. घामेजल्या अंगास वारा बाधतो, ही त्या वैद्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु त्यांनी प्रत्येक शंकेस एक नवे वस्त्र जोडले. घाटकरी मनुष्य मात्र उतरण्यापूर्वी घोंगडी काढतो, पहिला पाव तास थंडी सोसतो, आणि घाम येऊच देत नाही.

१८६५ साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग झाला, व कसारा ते इगतपुरी ही सुमारे हजार फुटांची चढउतार बाकावर बसून होऊ लागली. आता पोशाखाचा प्रश्न दिवसाचा न राहता महिन्यांचा आणि समुद्रापारचा झाला. येथे स्त्रियांचा विचार आलाच पाहिजे, कारण त्यांच्या बाबतीत हवामानाच्या जोडीस लोकमतही वस्त्राचा निर्णय करीत असते. घाट उतरणारी स्त्री डोक्यावर ओझे घेऊन लुगडे वर खोचते व पदर कानांभोवती घेते. श्रमाच्या वाटेवर तिला कोणी नावे ठेवीत नाही. पण कल्याणच्या, म्हणजे याच घाटाच्या पायथ्याकडच्या, आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या तेव्हा पोशाख न बदलण्याचा त्यांचा निश्चय हा साऱ्या महाराष्ट्राचा विषय होऊन बसला. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पातळ नेसण्यास आरंभ केला. लुगडे सोडले नाही, नेसण बदलली. हा मार्ग त्यांनी किती विचारान्ती शोधला असेल! समाजाचा शब्द आणि शरीराची गरज या दोहोंच्या मधली ती वाट होती. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, क्षयाने पोखरलेल्या देहाने, त्या थंड देशातून मुंबईच्या उबदार हवेत परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वस्त्रामुळे रोग झाला असे म्हणणे वैद्यकास धरून होणार नाही. एवढे मात्र खरे की, डांगाणातल्या कोळ्यास घोंगडी खांद्यावरून काढताना जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो या एकवीस वर्षांच्या विदुषीस प्रत्येक निरीवर विचारला गेला.

घोंगडीचे पुढे काय झाले? गिरणीचे कांबळे आले, मागून कृत्रिम धाग्याचे स्वेटर आले. ते हलके, स्वस्त आणि रंगीत. सनगरांचे माग एकामागून एक थांबले. धनगरांचे कळप अजूनही उतरतात, परंतु मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीस भाव इतका कमी की, पुष्कळदा कातरणीची मजुरीही तीतून सुटत नाही. मेंढी उन्हाने हैराण होऊ नये म्हणून लोकर कातरावी तर लागतेच. आणि कातरल्यावर ती घेण्यास कोणी आले नाही, तर कळप पुढे निघून जातो व तिचे काळे ढीग रानातच पडून राहतात.